भांड्यात पाणी चढतंय: दोष जोकर व्हॉल्व्हचा की व्हेंटेड लूपचा?

शिडाच्या बोटीवरच्या हातपंपाच्या टॉयलेटमध्ये आपोआप पाणी चढलेलं दिसलं, की बहुतेक जण आधी जोकर व्हॉल्व्ह बदलतात. भांडं मात्र पुन्हा भरतंच, कारण बिघाड व्हेंटेड लूपमध्ये, म्हणजे माथ्यावर हवेचा व्हॉल्व्ह असलेल्या पाइपाच्या उंच कमानीत असतो. नको असलेलं पाणी भांड्यात येऊ न देणं हे काम दोघांचंही, म्हणून घोटाळा होतो.

जोकर व्हॉल्व्ह म्हणजे मैला बाहेर जाण्याच्या वाटेवर, पंपाच्या तोंडाशी बसवलेली रबरी चोच. मैला पुढे गेला की ती मिटते. लघवी आणि खाऱ्या पाण्याचे क्षार साचले किंवा रबर निबर झालं, की तिला फट राहते आणि पुढच्या पाइपातलं पाणी मागे उतरतं. बाहेरच्या पाइपलाही लूप असेल, तर ते मोजकंच असतं: ३८ मिलिमीटर पाइपच्या दीड मीटर उभ्या भागात सुमारे १.७ लीटर मावतं. दुर्गंधी सुटेल, बोट बुडणार नाही.

व्हेंटेड लूपचं तसं नाही. भांड्याची कड समुद्राच्या पातळीखाली असेल, तर समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या पाइपातून सायफन सुरू होतो, म्हणजे पंप न मारताही पाणी आपोआप ओढलं जातं, आणि तो स्वतःहून थांबत नाही. यामुळे बोट बुडू शकते. लूपच्या माथ्यावरच्या छोट्या व्हॉल्व्हमधून हवा शिरली की सायफन तुटतो. बोट पूर्ण कललेली असतानाही हा माथा पाण्याच्या बराच वर राहायला हवा. व्हॉल्व्ह मिठाने बंद झाला, तर उरतो नुसता वाकवलेला पाइप.

ओळखायचं कसं? भांडं कोरडं करून फक्त पाणी आत घेणारा सीकॉक (बोटीच्या कवचाला बसवलेला बंद-चालू करायचा व्हॉल्व्ह) बंद करा आणि तासभर थांबा. पाणी चढायचं थांबलं तर लूप तपासा. तरीही चढलं, त्यातून गढूळ असलं, तर जोकर.

लूप बसवताना हमखास होणारी चूक म्हणजे तो सीकॉक आणि पंप यांच्यामध्ये घालणं. पंप मग पाण्याऐवजी हवा ओढतो, आणि वैतागून कुणीतरी हवेचं भोकच बुजवून टाकतं! हातपंपाला लूप हवा तो पंप आणि भांडं यांच्यामध्ये. त्याचा व्हॉल्व्ह कोमट गोड्या पाण्याने धुवावा. जोकरवरचे क्षार व्हिनेगरने सुटतात, पण रबर कडक झालं असेल तर नवा घाला, चोच पंपाच्या विरुद्ध दिशेला ठेवून.