कूलरचा अर्धा भाग समोरच्या खिडकीत असतो

नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ तापते दिवस, लागला की गावोगावी खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर कूलर दिसू लागतात. नागपूर-चंद्रपूरकडे पारा 45 अंशांवर, पण हवेत आर्द्रता जेमतेम 15-20 टक्के. कूलरचं सारं भांडवल हा कोरडेपणाच. एका लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता शोषली जाते. विजेच्या हिशेबात दोन-तृतीयांश युनिट. अशा दुपारी ओलं फडकं गुंडाळलेला तापमापक 23-25 अंश दाखवतो. ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंच्या ओल्या जाळ्या, चांगल्या असतील, तर कोरड्या आणि ओल्या पाऱ्यातल्या या फरकाचा तीन-चतुर्थांश पल्ला कूलर गाठतो आणि आत 29-30 अंशांची हवा येते. जुलैत 32 अंश आणि 80 टक्के आर्द्रता असताना मात्र जेमतेम दोन-तीन अंश उतरतात.

वाळ्याच्या ओल्या ताट्या आपल्याकडे जुन्याच. लाकडाच्या बारीक किसाच्या ताट्या, पंखा आणि पंप अशी पेटी 1930च्या दशकात अमेरिकेतल्या ॲरिझोनात रुळली. तिथलंही हवामान असंच कोरडं.

खरी गोम खोलीत आहे. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. तेवढीच बाहेर जायला हवी. दारं-खिडक्या लावून घेतल्या, की दमटपणा साठतो, पंख्याची हवा घटते, अंग चिकचिकतं आणि दोष मोटारीला मिळतो. दर हजार सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवेमागे 1 ते 2 चौरस फूट वाट मोकळी ठेवा, तीही कूलरच्या समोरच्या बाजूला. कूलर खोलीच्या आत ठेवणं तर साफ चूक: तीच दमट हवा पुन्हा पुन्हा फिरते.

ताटी जवळून पाहा. महिन्याभरात कीस खाली बसतो, वर दोन बोटं फट पडते आणि गरम हवा नेमकी तिथूनच आत शिरते. कीस वर दाबून भरा. ताटीवर पाणी सोडणाऱ्या वरच्या पन्हाळीची भोकं बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी बुजली, तर ताटीवर कोरडे पट्टे दिसतात. तारेने भोकं मोकळी करा. पाणी उडून जातं, क्षार टाकीतच राहतात. म्हणून नुसती भर घालू नका. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासा. डासांच्या अळ्याही त्यातच जातात.

आणि पाणी भरण्याआधी प्लग काढाच. पत्र्याच्या कूलरला तीन पिनांचा प्लग आणि खरोखरचं अर्थिंग हवं; टाकीतल्या छोट्या टिल्लू पंपाच्या वायरचं आवरण फाटलं, तर करंट थेट पत्र्यात उतरतो.