पॅरिसचे बुलवार आणि व्हिएन्नाचा रिंग

युरोपच्या सहलीचे फोटो चाळताना पॅरिस आणि व्हिएन्ना यांची हमखास गल्लत होते. दोन्हीकडे रुंद रस्ते (पॅरिसमध्ये त्यांना बुलवार म्हणतात), दुतर्फा झाडं, भारदस्त दगडी इमारती. काळही एकच, एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध, आणि दोन्हीकडे हुकूम सम्राटाचा. त्यामुळे व्हिएन्नानं पॅरिसची नक्कल केली, असं सहज म्हटलं जातं. मला ते पटत नाही. रस्ता होण्याआधी त्या जागेवर काय होतं, हे आधी पाहायला हवं.

पॅरिसमध्ये त्या जागेवर माणसं राहत होती. इल द ला सिते हे नदीतलं बेट अरुंद गल्ल्या आणि एकमेकांना खेटून उभ्या घरांनी भरलेलं होतं. 1832 च्या कॉलऱ्यात शहरातली हजारो माणसं गेली. 1853 मध्ये फ्रान्सचा सम्राट तिसऱ्या नेपोलियननं ओस्मानला सेन विभागाचा (ज्यात पॅरिस येत होतं) प्रीफेक्ट, म्हणजे मुख्य प्रशासक, नेमलं आणि पुढच्या 17 वर्षांत त्यानं भर वस्तीतून सरळ रस्ते काढले. सुमारे 20 हजार घरं पाडली गेली. त्याच वेळी बेलग्रां या अभियंत्यानं रस्त्यांखाली शेकडो किलोमीटरची गटारं बांधली आणि लांबच्या झऱ्यांचं पाणी शहरात आणलं. ओस्मानच्या काळातलं सर्वांत मोलाचं काम मला हे जमिनीखालचंच वाटतं.

पण पैसा कुठून आला? सुरुवातीचा बेत असा होता की रस्त्यालगतची जास्तीची जमीनही ताब्यात घ्यायची आणि रस्ता झाल्यावर ती चढ्या भावानं विकायची. 1858 मध्ये नियम बदलला. रस्त्यासाठी न लागलेली जमीन मूळ मालकाला परत द्यावी लागू लागली. वाढलेल्या किमतीचा फायदा मालकांना झाला आणि शहराच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर उभा राहिला. 1870 च्या जानेवारीत ओस्मानला पायउतार व्हावं लागलं. घरं गेलेल्या गरीब भाडेकरूंना नव्या इमारतींची भाडी झेपणारी नव्हती. त्यातले बरेच जण बेलव्हिलसारख्या पूर्वेकडच्या वस्त्यांत गेले.

व्हिएन्नात मात्र रिंगसाठी, म्हणजे जुन्या शहराला वळसा घालणाऱ्या रस्त्यासाठी, वस्ती उठवावीच लागली नाही. जुन्या शहराभोवती तटबंदी होती आणि तिच्याबाहेर ग्लासी, म्हणजे शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून मुद्दाम रिकामं ठेवलेलं मैदान. (मुंबईच्या कोटाबाहेरचं मैदानही याच कारणानं मोकळं होतं. तो कोटही 1860 च्या दशकातच पडला.) 1857 च्या डिसेंबरमध्ये सम्राट फ्रान्झ जोसेफनं तट पाडण्याचा आदेश काढला. व्हिएन्नातलं 1848 चं बंड ताजं असल्यानं सैन्याला तट पाडायला नकोच होते. रिकामी झालेली जमीन प्लॉट पाडून विकली गेली, घेणाऱ्यांना करात अनेक वर्षांची सूट मिळाली, आणि त्या पैशातून ऑपेरा, संग्रहालयं, बुर्गथिएटर हे नाट्यगृह उभं राहिलं. पॅरिस कर्जात बुडत असताना इथे जमिनीच्या विक्रीतूनच कामं होत होती. अर्थात व्हिएन्नाकरांनीही काही गमावलं: सकाळ-संध्याकाळ फिरायला जायचं त्यांचं मैदान. आणखी एक गंमत म्हणजे 'बुलवार' हा शब्दच मुळात तटाच्या बुरुजावरून आला. त्या अर्थानं 1865 मध्ये खुला झालेला व्हिएन्नाचा रिंग ओस्मानच्या रस्त्यांपेक्षा अधिक अस्सल बुलवार ठरतो.

आता फोटो पुन्हा पाहा. रस्ता बाणासारखा सरळ जाऊन एखाद्या वास्तूपाशी थांबत असेल, जसा आव्हेन्यू द लोपेरा ऑपेराच्या इमारतीपाशी थांबतो, आणि दोन्ही बाजूंच्या इमारतींचे माथे व गॅलऱ्या एका रेषेत असतील, तर ते पॅरिस. व्हिएन्नाचा रिंग जुन्या तटाच्या वळणानं वळत राहतो, म्हणून त्याचं टोक दिसत नाही. तिथे प्रत्येक मोठी इमारत वेगळा पोशाख घालून स्वतंत्र उभी असते: संसद ग्रीक मंदिरासारखी, नगरभवन गॉथिक चर्चसारखं, विद्यापीठ रेनेसाँस काळातल्या इटालियन महालासारखं, आणि त्यांच्यासमोरून ट्राम जात असते.