शरणपूरचे आफ्रिकन, आणि त्यांना पडलेली नावं

शरणपूर रोडवरून आपण नाशिककर रोज जातो-येतो, पण हे शरणपूर मुळात १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेलं ख्रिस्ती गाव, आणि पुढं तिथं आफ्रिकन मुलं राहायची, शिकायची हे आपल्यातल्याच बहुतेकांना माहीत नसतं. अरबी समुद्रात ब्रिटिश नेव्ही गुलामांची जहाजं पकडायची, सुटलेली मुलं मुंबईत उतरवायची, त्यातली काही इकडं यायची, सुतारकाम लोहारकाम आणि लिहायला-वाचायला शिकायची.

यातलाच एक जेकब वेनराईट. जन्माने पूर्व आफ्रिकेतल्या याओ जमातीचा, नाव इंग्रजी, आणि इंग्रजांच्या कागदोपत्री काय, तर 'नासिक बॉय'. १८७३ मध्ये आफ्रिकेत फिरणारा स्कॉटिश मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारला तेव्हा जेकबसह त्याच्या सोबत्यांनी त्याचं काळीज तिथंच झाडाखाली पुरलं, जेकबने प्रार्थना वाचली, झाडाच्या खोडावर नाव कोरलं, मग सगळ्यांनी मिळून तो देह महिनोन्‌महिने चालत किनाऱ्यापर्यंत आणला. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टनला पुरलं तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत जेकब होता. एवढं करूनही 'बॉय'च! हे मला फार लागतं, खरंच.

पुढं १८७५ च्या सुमारास आजच्या केनियातल्या मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी फ्रिअर टाऊन ही वसाहत वसली, नाशिकची बरीच मंडळी तिकडं गेली, आणि तिथं त्यांना नाव पडलं 'बॉम्बे आफ्रिकन'. म्हणजे इथं होती तोवर आफ्रिकन, आणि आफ्रिकेत परत गेल्यावर मुंबईवाले.

आपल्याकडचे शब्द तर याहून जुने. हबशी हा अरबी 'हबश'वरून आलेला, म्हणजे इथिओपियाचा माणूस, बस्स. निजामशाहीचा कारभार हाकणारा, १६१० मध्ये खडकी म्हणजे नंतरचं औरंगाबाद वसवणारा मलिक अंबर हबशीच, आणि दख्खनच्या दरबारात त्या शब्दात कमीपणा नव्हता, सरदार होते ते. आज सावळ्या पोराला हबशी म्हणून चिडवतात, आणि चिडवणाऱ्याला मलिक अंबर आठवतही नाही.

आफ्रिकन वंशाच्या लोकांसाठीच्या सिद्दी या शब्दाचंही तेच, जंजिऱ्याच्या नवाबांनी हा शब्द किताबासारखा मिरवला, पण इंग्रजांच्या जहाजांवर 'सीडी बॉय' म्हणजे पडेल ते काम करणारा आफ्रिकन खलाशी. परत तेच बॉय.

काफरची गत अजून वेगळी, अरबीत तो धर्म न मानणारा, पोर्तुगीजांनी तो काळ्या माणसासाठी वापरला, आज दक्षिण आफ्रिकेत तो शब्द उच्चारला तर कोर्टात जावं लागू शकतं आणि श्रीलंकेत मात्र एक छोटा आफ्रिकन वंशाचा समाज स्वतःची ओळख त्याच नावाने सांगतो. कर्नाटकातल्या सिद्दींनीही आपलं नाव सोडलं नाही, २००३ मध्ये त्याच नावाने त्यांची नोंद अनुसूचित जमातींच्या यादीत झाली.