नव्ह शापेल: खडकीच्या सॅपर्सचं फ्रान्समधलं गाव

उत्तर फ्रान्सच्या पा-द-कॅले भागात, ला बासे या शहराजवळ, नव्ह शापेल हे एक खेडं आहे. सपाट, चिखलट शेतजमीन, एक चर्च आणि थोडी घरं. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीची रेषा नेमकी इथून गेली आणि गावाचा चुराडा झाला.

भारतीय फौज मार्सेय बंदरात उतरली ती १९१४च्या सप्टेंबरअखेर. महिनाभरात नव्ह शापेल जर्मनांच्या हाती गेलं आणि २८ ऑक्टोबरला ते परत घेण्याचा हुकूम ४७ व्या शीख पलटणीला आणि सॅपर्सच्या २० व २१ नंबरच्या कंपन्यांना मिळाला. हे सॅपर्स आपल्या पुण्याजवळच्या खडकीचे. खंदक खणणं, पूल बांधणं, सुरुंग लावणं हे त्यांचं काम. त्या दिवशी त्यांना पायदळासारखं वापरलं. उघड्या शेतातून धावत ते गावात घुसले आणि घराघरांतून संगिनींनी लढले. पण कुमक आली नाही आणि मागं फिरावं लागलं. दोन्ही कंपन्यांचे सगळे ब्रिटिश अधिकारी मेले किंवा जखमी झाले. इतकी तालीम घेतलेली माणसं अशी खर्ची घालणं हा सेनापतींचा उधळेपणाच होता.

पुढची मोठी लढाई १० मार्च १९१५ची. सकाळी साडेसातला तोफा सुरू झाल्या, ३५ मिनिटं चालल्या, आणि पायदळानं त्याच सकाळी गाव घेतलं. गढवाल रायफल्सचा गबर सिंह नेगी खंदकाच्या प्रत्येक वळणावर सर्वांत पुढे होता. तो तिथंच पडला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यानंतर मात्र निरोप वेळेवर पोचेनात, तोफगोळेही पुरेनात, आणि १३ तारखेला सारं थांबलं. पदरात पडली जेमतेम दोन किलोमीटर जमीन. त्यासाठी ब्रिटिश बाजूचे ११ हजारांवर सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. त्यांत चार हजारांच्या आसपास भारतीय.

महाराष्ट्रात पहिलं महायुद्ध म्हटलं की मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक, आणि तिथल्या कूत शहराचा वेढा आठवतो, कारण मराठा पलटणी तिकडे होत्या. खडकीचे सॅपर्स त्यामुळे मागं पडले. फ्रान्समधलं बहुतेक भारतीय पायदळही १९१५च्या शेवटी मेसोपोटेमियालाच हलवलं गेलं.

१९२७च्या ऑक्टोबरात गावाजवळच्या चौकात भारतीय स्मारक उभं राहिलं. आराखडा हर्बर्ट बेकरचा, म्हणजे नवी दिल्लीची सचिवालयं उभारणाऱ्याचाच. सांचीच्या कठड्याची आठवण करून देणारी दगडी जाळी, अशोकस्तंभाच्या धर्तीचा उंच खांब, पायथ्याशी दोन वाघ. भिंतीवर ४,७०० हून अधिक नावं आहेत, ज्यांची कबर कुठं सापडली नाही अशांची. खांबावरच्या कोरीव अक्षरांत इंग्रजी, अरबी आणि गुरुमुखीसोबत देवनागरीही आहे.