दामाजीपंतांचे कोठार आणि टिळकांची ट्राम

केंद्रीय लोकसेवा आयोगाने 2013 साली मुख्य परीक्षेत नीतिशास्त्राचा 250 गुणांचा पेपर आणला आणि कांट, बेंथॅम, ॲरिस्टॉटल ही पाश्चात्त्य तत्त्वज्ञांची नावे सोलापूरच्या अभ्यासिकांत भिंतीवर चिकटवलेल्या कागदांवर येऊन बसली. तीन रकाने असतात: कर्तव्य, परिणाम, सद्गुण. खाली एकेक ओळ. पाठ व्हायला सोपे, पण ही माणसे भांडली कशावरून, हे त्या तक्त्यातून कळत नाही. त्या भांडणाचे मूळ समजून घ्यायला सोलापूरपासून तासा-दीड तासावरचे मंगळवेढे पुरते.

मंगळवेढ्याची काळी जमीन आणि तिथली ज्वारी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पंधराव्या शतकात बिदरच्या बहमनी बादशहाचे इथले अधिकारी होते दामाजीपंत. 1460 च्या सुमाराचा दख्खनचा दुष्काळ त्यांच्याच नावाने ओळखला जातो. सरकारी कोठारे भरलेली, रयत उपाशी. संतचरित्रकार महिपतींनी अठराव्या शतकात सांगितलेल्या कथेत सुरुवात एका माणसापासून होते. पंढरपूरचा एक ब्राह्मण दामाजींच्या घरी जेवायला बसतो आणि घरची उपाशी पोरे आठवून त्याच्या डोळ्यांत पाणी येते. मग कोठारे उघडतात. पुढे बिदरहून बोलावणे येते आणि विठ्ठल विठू महाराच्या रूपात दरबारी जाऊन धान्याची किंमत मोजून पावती घेतो.

आता पंतांनी बरोबर केले का?

कांट यांनी जवळजवळ हाच प्रश्न 1793 च्या एका निबंधात घेतला आहे. एकाकडे दुसऱ्याची ठेव आहे, मालक वारला आहे, वारसांना ठेवीची खबर नाही. ते वारस श्रीमंत आणि उधळे, ठेव सांभाळणाऱ्याची बायकोमुले मात्र अन्नाला महाग. ठेव वापरावी का? कांट म्हणतात, आठ-नऊ वर्षांच्या पोराला विचारा, तेही नाही म्हणेल. 1785 च्या ग्रंथात त्यांनी कसोटी सांगितली होती: तू ज्या तत्त्वावर वागतोस ते सगळ्यांचा नियम व्हावे असे तुला म्हणता येईल का? प्रत्येक कोठारपाल मनाला येईल तेव्हा कुलूप काढू लागला तर कोठार ही चीजच उरत नाही. कोरडे वाटते खरे, पण ज्या गावात सोसायटीचा सचिव ‘लोकांसाठीच’ म्हणून पैसे फिरवतो त्या गावाला हा कोरडेपणा कधीतरी हवाहवासा वाटतो.

बेंथॅम यांचा मुख्य ग्रंथ 1789 सालचा, म्हणजे दोघे एकाच काळातले. त्यांच्या लेखी कुलूप पवित्र नाही. किती जीव वाचले, किती दुःख टळले ते मोजा. दामाजी सुटले. जॉन स्टुअर्ट मिल यांनी 1861 मध्ये या विचाराला माणसाळवले, सुखासुखांत दर्जा मानला. हे मिल 1823 पासून 1858 पर्यंत लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत नोकरीला होते, हिंदुस्थानला जाणारे खलिते लिहीत होते. आपल्याकडच्या तक्त्यांत हे कधी येत नाही.

मोजणीचा धोका दिसला तो 1876-78 च्या दुष्काळात. सोलापूर जिल्हा त्यात होरपळला. इंग्रज सरकारचे अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी दिवसाला पौंडभर धान्य आणि वर किरकोळ पैसे इतकी खाली आणली. दख्खनमध्ये मजुरांनी कामे सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने तक्रारी गोळा केल्या. याला थेट बेंथॅमचे पाप म्हणणे अन्यायाचे होईल. बेंथॅम प्रत्येक माणसाला सारखेच मोजतात, इथे तिजोरीचा खर्च आधी धरला होता. पण ज्याच्या हातात तराजू त्याचेच वजन, हे तेव्हा कळले.

मराठीत या वादाला सगळ्यात जोरकस हात घातला तो टिळकांनी. मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात लिहिलेला ‘गीतारहस्य’ 1915 साली छापला गेला. बेंथॅम, मिल, कांट सगळे त्यात तपासले आहेत. ‘पुष्कळांचे पुष्कळ सुख’ या तत्त्वाविरुद्ध टिळक एक अमेरिकन उदाहरण देतात. एका शहरात लोकांच्या सोयीसाठी ट्राम टाकायची होती, परवानगी मिळेना, तेव्हा व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच दिली. ट्राम झाली, लोक सुखी झाले, मग खटला उभा राहिला. पहिल्या ज्यूरीचे एकमत होईना, दुसरीने त्याला दोषी धरले. सुख तेवढेच, मग दोष कसला? टिळकांचे उत्तर कर्त्याच्या बुद्धीकडे बोट दाखवते. ब्रिटिश तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांची सुटलेली ट्राम 1967 सालची. एकाचा बळी देऊन पाचांना वाचवावे का, हा तो कोडेवजा प्रश्न जगभर गाजला. टिळकांची ट्राम अर्धे शतक आधीची, आणि माझ्या मते जास्त खरी. रुळावर बांधलेली माणसे आयुष्यात कोणाला भेटत नाहीत, लाच मागणारा भेटतो.

कर्त्याच्या मनाचा हा मुद्दा सोलापूरला नवा नव्हता. बाराव्या शतकात, सोन्नलगी असे नाव असलेल्या या गावात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या हातून तलाव खोदवला. वीरशैव परंपरेत कथा आहे की संत अल्लमप्रभू आले आणि या थोर योग्याला त्यांनी चक्क ‘वड्डर’, म्हणजे माती-दगड फोडणारा, म्हणून हाक मारली. माती उपसून पुण्य मिळते का, आतले काय? मजूर चिडून दगड घेऊन धावले. मला त्या मजुरांचीही बाजू पटते, तहान काही आतल्या शुद्धीने भागत नाही.

ॲरिस्टॉटल इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातले, पण आधुनिक वादात ते परतले ब्रिटिश तत्त्वज्ञ एलिझाबेथ ॲन्सकोम यांच्या 1958 च्या लेखानंतर. सवयीने माणूस घडतो, प्रसंग आला की योग्य ते त्याला दिसते. दामाजींच्या घरी पंगत रोज बसत नसती तर त्या ब्राह्मणाचे डोळे भरलेले कोणाला दिसले असते?

तरीही कथेतला सगळ्यात विलक्षण भाग पावतीचा. भक्तांनी पंतांना नुसते निर्दोष सोडले नाही, बादशहाचे देणे देवाकडून फेडून घेतले. कोठार उघडणे योग्य, आणि तरी हिशेब राहतोच, हे दोन्ही त्या लोककथेने एका वेळी धरले. देवाने रूप घेतले तेही महाराचे. चोखामेळा मंगळवेढ्यातच, गावकुसाची भिंत कोसळून 1338 साली गेले; त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वाराबाहेर आहे. देवळात जायचा दलितांचा हक्क साने गुरुजींच्या उपोषणानंतर 1947 साली मान्य झाला. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी 1971 साली मांडले की आपण समाजात कोणाच्या पोटी जन्मणार हे माहीत नसताना नियम ठरवावेत. कोठाराच्या आणि देवळाच्या दोन्ही दारांना तो प्रश्न लागू पडतो.

1972 चा दुष्काळ, सुकडी, खडी फोडायची कामे अजून घराघरांत आठवणीत आहेत. त्यातून 1977 चा रोजगार हमी कायदा आला आणि 2013 मध्ये देशाचा अन्नसुरक्षा कायदा. धान्य देणे ही एका अधिकाऱ्याच्या हिमतीची बाब होती, ती कागदावर हक्काची झाली. प्रश्न मात्र आकाराने लहान होऊन रेशन दुकानात शिल्लक आहे. जन्मभर विड्या वळून बोटे झिजलेली एक म्हातारी, मशीनवर तिचा अंगठा उठत नाही. मागे रांग. दुकानदार तिला ओळखतो, नोंद झाल्याशिवाय माल द्यायचा नाही हेही त्याला माहीत आहे, आणि पोते त्याच्या पायाशीच आहे.