प्लूटोवर उतरताना बुटांचं बघा

प्लूटोला जायचं ठरवलंत, तर सगळ्यात आधी बुटांचं बघा. तिथे तापमान उणे 230 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, त्यामुळे अंगावर जाड पोशाख लागेलच. पण जपायला हवं ते प्लूटोलाही. स्वस्थ बसलेलं माणसाचं शरीर साधारण 100 वॅट उष्णता बाहेर टाकतं, जुन्या पिवळ्या बल्बइतकी. त्यातली थोडी जरी तळव्यातून खाली झिरपली, तर पायाखालचा बर्फ पाणी न होता थेट वायू होऊन उडून जाईल. हा बर्फ मुख्यतः नायट्रोजनचा. आपल्या हवेत 78 टक्के असतो, तोच. इथे तो नाकातून आत-बाहेर करतो, तिथे त्याची जमीन होते.

प्रवास लांबचा आहे. नासाचं न्यू होरायझन्स यान 19 जानेवारी 2006 रोजी निघालं आणि 14 जुलै 2015 रोजी प्लूटोपासून साडेबारा हजार किलोमीटरवरून पुढे निघून गेलं. त्याला थांबणं शक्यच नव्हतं. तुम्हाला उतरायचंय, म्हणजे वेग कमी करावा लागणार आणि साडेनऊ वर्षांहून जास्त काळ लागणार. त्या यानात क्लाइड टॉम्बॉ यांच्या अस्थींची चिमूटभर राख होती. 1930 साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ॲरिझोनातल्या लोवेल वेधशाळेत छायाचित्रांच्या काचा एकमेकींशी ताडून पाहत त्यांनी हा ठिपका शोधला होता. मला ही गोष्ट आठवली की दर वेळी गलबलून येतं.

घरी निरोप पोचायला साडेचार तासांहून जास्त लागतील, उत्तर यायला आणखी तेवढेच.

मुक्काम स्पुटनिक मैदानावर करा. साधारण हजार किलोमीटर पसरलेलं हे मैदान वरून फरशी बसवल्यासारखं दिसतं. एकेक फरशी 10 ते 40 किलोमीटरची. चुलीवर पिठलं रटरटताना मधून वर येतं आणि कडेला खाली जातं ना, तसंच इथे चाललंय. प्लूटोच्या पोटातल्या जराशा उबेने नायट्रोजनचा मऊ बर्फ तळातून वर येतो, पसरतो, कडेला पुन्हा बुडतो. वेग वर्षाला काही सेंटिमीटर, आपली नखं वाढतात तेवढा. पण जमीन अशी सतत नवी होत राहते, म्हणून इथे उल्काघाताचं एकही विवर सापडलेलं नाही.

कडेचे डोंगर मात्र पाण्याच्या बर्फाचे. या थंडीत पाणी दगडासारखं कठीण असतं, आणि नायट्रोजनच्या बर्फापेक्षा हलकं. त्यामुळे काही टेकड्या चक्क मैदानात तरंगतात. तेनझिंग पर्वतरांग तर सहा किलोमीटरपर्यंत उंच आहे. चढायला घाबरू नका, पृथ्वीवर 60 किलो भरणारा माणूस तिथे चार किलोही भरत नाही.

2006 च्या ऑगस्टमध्ये, यान वाटेत असतानाच, प्लूटोला बटुग्रह ठरवलं गेलं. व्याख्या असेल बरोबर. पण ज्याला पर्वत आहेत, हिमनद्या आहेत, निळं धुकं आहे, त्याला ग्रह म्हणताना माझी जीभ अडखळत नाही.

प्लूटोवर दुपारीही उजेड पृथ्वीवरच्या सूर्यास्तानंतरच्या संधिप्रकाशाइतकाच, पण पुस्तक वाचता येतं. मैदानावरून शॅरन हा चंद्र मात्र कधीच दिसणार नाही. तो आणि प्लूटो एकमेकांकडे कायम एकच बाजू करून असतात, आणि मैदान नेमकं पलीकडच्या बाजूला आहे. म्हणून परतण्याआधी अर्धं जग ओलांडून अलीकडे याच. आपल्याला चंद्र जेवढा दिसतो त्याच्या सातपट रुंद दिसणारा शॅरन तिथे आकाशात एकाच जागी टांगलेला असेल. तो उगवत नाही, मावळत नाही; सहा दिवस नऊ तासांच्या एका दिवसात तिथेच कलेकलेने भरतो आणि ओसरतो. त्याच्या उत्तर ध्रुवाकडे नीट बघा. तिथला तांबूस डाग प्लूटोवरून निसटलेल्या मिथेनपासून तयार झालाय.