उसना दम आणि शरीराचं भांडवल

मणक्यात भूल दिली की कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब झपकन उतरतो. तो सावरण्यासाठी भूलतज्ज्ञ मेफेंटरमाइनचं इंजेक्शन देतात. एका वेळची मात्रा साधारण 6 मिलीग्रॅम. ती दिल्यावर नजर मॉनिटरवरून हलत नाही, आणि गरज दिसली तरच पुढची. बाजारातल्या 10 मिलीच्या बाटलीत दर मिलीला 30 मिलीग्रॅम औषध असतं. म्हणजे एका मिलीत पाच मात्रा, अख्ख्या बाटलीत पन्नास. ऑपरेशन थिएटरच्या ट्रॉलीवरची ही बाटली आता दम वाढेल या आशेने जिमच्या बॅगेत पोचली आहे, आणि राज्यात ठिकठिकाणी पोलिसांनी असा साठा पकडलाही आहे. कोल्हापूरसारख्या तालमींच्या गावात, जिथे पहाटे रंकाळ्यावर 1600 मीटरचं घड्याळ लावून भरतीची पोरं धावत असतात, तिथे हे औषध शरीरात नेमकं काय करतं हे प्रत्येक वस्तादाला आणि प्रत्येक आईबापाला माहीत असायला हवं.

मेफेंटरमाइन स्वतः ताकद देत नाही. आपल्या नसांच्या टोकांशी नॉरॲड्रेनलीन नावाचं रसायन बारीक पिशव्यांत साठवलेलं असतं. कुणी अंगावर धावून आलं की त्यातलं थोडं सुटतं, काळीज धडधडतं, रक्तवाहिन्या आवळतात, अंग सावध होतं. हे औषध त्या साठ्यालाच हात घालतं आणि कारण नसताना तो बाहेर काढतं. तरतरी येते ती आपल्याच भांडवलातून. साठा उपसला की पुढच्या मात्रेला काढायला फारसं काही उरत नाही, म्हणून तेवढ्याच औषधाचा परिणाम दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कमी होतो. भूलतज्ज्ञ अशा वेळी औषध बदलतात. जिममधला पोरगा मात्रा वाढवतो. बहुतेक अनर्थाची सुरुवात इथेच होते.

दुसरी अडचण मेंदूतली. या औषधाची रचना मेथॲम्फेटामाइनच्या अगदी जवळची आहे आणि शरीरात गेल्यावर त्यातल्या काहीचं फेंटरमाइन बनतं, जे भूक मारण्यासाठी वापरलं जातं. पैलवानाचं सगळं गणित खुराकावर चालतं, दूध, तूप, बदाम, मटण. त्याचीच भूक मारणारं औषध त्याला ताकदीचं म्हणून विकलं जातं, याचा मला फार राग येतो. शिवाय झोप उडते, आणि व्यायामात झिजलेला स्नायू नीट भरून निघायला झोप लागतेच. काही आठवडे असं चाललं की माणूस चिडचिडा आणि संशयी होतो. कुणीतरी आपल्या मागावर आहे असं त्याला वाटू लागतं, कानात आवाज येतात. घरचे बाहेरची बाधा समजून भलत्याच उपायांच्या मागे लागतात आणि मोलाचे दिवस वाया जातात.

थकवा हा शरीराचा इशारा आहे. धावताना दम लागतो कारण हृदय आणि स्नायू आपल्या मर्यादेजवळ आलेले असतात. औषधाने मर्यादा हलत नाही, फक्त इशारा ऐकू येईनासा होतो. त्यात त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आवळल्यामुळे अंगातली उष्णता बाहेर पडायला वाट मिळत नाही. मे महिन्यातल्या उन्हात सराव करणाऱ्यासाठी ही जोडगोळी जिवावर बेतू शकते. हृदयाचे ठोके अनियमित होतात, रक्तदाब एकदम चढून मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, तोही विशीतल्या मुलाला. एकच सुई दोघातिघांनी वापरली तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचा धोका आहेच. वापरलेली सुई बाटलीत पुन्हा बुडाली की ती सबंध बाटलीच दूषित होते. स्पर्धा खेळणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत मेफेंटरमाइन नावानिशी आहे.

याच्या अगदी उलट वागणारं, पण तितकंच फसवं औषध म्हणजे डेक्सामेथासोन. ‘तब्येत भरायच्या’ गोळ्या किंवा लेबल नसलेल्या पुड्या म्हणून जे खपतं, त्यात पुष्कळदा हे स्टेरॉइड आणि भूक वाढवणारं सायप्रोहेप्टाडीन असतं. किडनीच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी दिवसाला साधारण 10 ते 20 मिलीग्रॅम कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी शरीराला सावरणारं संप्रेरक, बनवतात. डेक्सामेथासोनचं 0.75 मिलीग्रॅम हे कॉर्टिसॉलच्या 20 मिलीग्रॅमइतकं काम करतं, म्हणजे 0.5 मिलीग्रॅमची इवलीशी गोळी जवळपास दिवसभराच्या गरजेएवढी. बाहेरून आयता गूळ यायला लागला की गुऱ्हाळाची चूल विझते. तसंच या ग्रंथी काम थांबवतात आणि हळूहळू आक्रसतात.

वजन वाढतं हे खरं, पण ते पाणी आणि चरबीचं. गाल गोल होतात, पोट सुटतं, मानेमागे गोळा येतो, पोटावर जांभळट चिरा उमटतात, आणि त्याच वेळी मांड्या-दंड बारीक होत जातात. तालमीत याची सोपी खूण आहे. जो काल शंभर बैठका मारत होता तो आज उकिडवा बसल्यावर हाताचा आधार घेतल्याशिवाय उठू शकत नाही. हे स्टेरॉइड मांडी आणि खांद्याजवळचे मोठे स्नायू आधी खातं. साखर वाढणं, हाडं ठिसूळ होणं, दबलेला क्षयरोग वर येणं, हे पुढचं.

आणि इथे एक इशारा अत्यंत महत्त्वाचा. तीन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस असं काही घेतलं असेल तर घाबरून ते एका दिवसात बंद करू नका. झोपलेली ग्रंथी लगेच जागी होत नाही. ताप, अपघात किंवा ऑपरेशनच्या वेळी शरीराला कॉर्टिसॉल लागतं आणि ते मिळत नाही. मग उलट्या, चक्कर, रक्तदाब कोसळणं, बेशुद्धी. डॉक्टर सकाळी आठच्या सुमाराला रक्तातलं कॉर्टिसॉल तपासतात आणि मात्रा पायरीपायरीने उतरवतात.

अल्प्राझोलामचंही तसंच. झोपेसाठी म्हणून सुरू झालेली ही गोळी मेंदूचा ब्रेक दाबून धरते, आणि मेंदू स्वतःचा ब्रेक ढिला करून ठेवतो. रोज घेणाऱ्याने ती अचानक सोडली तर फिट येऊ शकते. दारूसोबत घेतली तर श्वास मंदावतो. वेदनाशामक ट्रॅमाडॉलने जास्त मात्रेत फिट येऊ शकतात; त्याच्या गैरवापरामुळे 2018 पासून ते अमली पदार्थ कायद्याखाली आहे. खोकल्याच्या काही औषधांत असणाऱ्या कोडीनचं यकृतात मॉर्फिन होतं. ते किती होणार हे ज्याच्या त्याच्या जनुकांवर ठरतं, त्यामुळे ‘मित्राला काही झालं नाही’ हा पुरावा तुमच्यासाठी कुचकामी आहे.

पाकिटावर नजर टाकायची सवय लावा. लाल अक्षरांतलं ‘आरएक्स’ म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणारं औषध. त्याआधी ‘एन’ असेल तर ते अमली पदार्थ कायद्यातलं, ‘एक्स’ असेल तर सगळ्यांत कडक वर्गातलं. अल्प्राझोलाम, ट्रॅमाडॉल आणि कोडीन एच-वन या कडक नोंद लागणाऱ्या औषधांच्या यादीत येतात. ती विकताना मेडिकलवाल्याने रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव, औषध आणि नग वेगळ्या वहीत लिहून ती नोंद तीन वर्षं जपायची असते. चिठ्ठी मागणारा दुकानदार तुम्हाला त्रास देत नसतो.

घरात संशय आला तर आधी मारहाण नको. औषधाचं नाव, किती दिवस, दिवसाला किती, शेवटची मात्रा कधी, एवढं कागदावर उतरवून घ्या आणि कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात किंवा जवळच्या मनोविकारतज्ज्ञाकडे जा. 14446 हा व्यसनमुक्तीचा आणि 14416 हा मानसिक आरोग्याचा, दोन्ही क्रमांक मोफत आहेत. छातीत कळ, फाटल्यासारखं डोकं दुखणं, फिट किंवा अंग तापून भ्रम झाला तर मात्र थांबायचं नाही. 108 ला फोन करा, पोराला सावलीत घ्या, फिट आली तर कुशीवर वळवा, अंग ओलं करून वारा घाला. घरातली बीपीची गोळी आपल्या मनाने देऊ नका, काही गोळ्यांनी या अवस्थेत रक्तदाब उलट आणखी चढू शकतो. आणि भीतीपोटी बाटली फेकून देऊ नका. ती डॉक्टरांच्या हातात ठेवा, कारण कोणतं औषध द्यायचं आणि कोणतं टाळायचं हे त्या लेबलवरून ठरतं.